एका अनुस्वारापायी

गाईडसरांनी माझा संशोधन आराखडा शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. संदर्भसूचीत अकरा नोंदी होत्या. त्यातल्या पाचांवर त्यांनी पेन्सिलीने गोल केले, फाईल मिटली आणि म्हणाले, "मॅडम, या पाच वेबसाइट म्हणजे एकच वेबसाइट आहे. पूर्वसाहित्य कुठंय?"

माझा विषय 'सातारा जिल्ह्यातील प्लेग आणि ग्रामीण स्थलांतर'. मी ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवते. अठरा वर्षं झाली, आणि पीएच.डी.चं घोडं आत्ता चाळिशी उलटल्यावर दामटते आहे. विषय सुचला तो सासूबाईंमुळे. आमचं सासर सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजचं. सासूबाईंची कालगणना वेगळीच आहे: "तो वाडा प्लेगाच्या आधीचा", "ही विहीर प्लेगानंतरची". त्यांनी स्वतः प्लेग पाहिलेला नाही, त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगतात. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं. रानात झोपड्या घालायच्या, गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन महिनोन्‌महिने तिथंच राहायचं आणि पाटील सांगेल तेव्हा परतायचं. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट, यावर ढिगाने लिहिलेलं असणार. गूगलवर 'सातारा प्लेग स्थलांतर' टाकलं, आलं ते वाचलं, सूचीत घातलं.

घरी येऊन त्या पाच साइट पाच टॅबमध्ये उघडल्या. खरं सांगायचं तर सरांचं म्हणणं खोडून काढायलाच. पाचही ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच होतं की राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, २२ जून १८९७ ला, चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला गोळी घातली आणि तो जागीच ठार झाला. एका वाक्यात दोन चुका. व्हिक्टोरिया गादीवर आली जून १८३७ मध्ये. राज्याभिषेक झाला पुढच्या वर्षी, जून १८३८ मध्ये. म्हणजे १८९७ चा सोहळा राज्यारोहणाचा. आणि जागीच गेला तो त्याच रात्री गोळी लागलेला लेफ्टनंट आयर्स्ट. रँड ससूनमध्ये पडून होता, तो गेला ३ जुलैला. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, तरी स्क्रीनवर वाचताना नजर घसरून पुढे गेली होती. परीक्षेत कॉपी पकडताना आम्ही काय बघतो? बरोबर उत्तरं तर सगळ्यांची सारखीच असतात. चूक सारखी निघाली की कुठल्या बाकावरून कुठल्या बाकावर गेलं ते कळतं. सरांनी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सीनियर कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. आमच्या ग्रंथपाल मॅडम कमी बोलतात. त्यांनी मला संगणकाजवळ बसवलं आणि विचारलं, "शब्द कुठला टाकलात?"

"स्थलांतर."

"तुमच्या सासूबाई स्थलांतर म्हणतात?"

"छे. त्या म्हणतात गाव उठलं."

"मग कलेक्टर काय म्हणत असेल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी शंभर पानी वहीचं मधलं पान उघडून तीन रकाने आखून दिले. पहिला सासूबाईंच्या शब्दांचा, दुसरा साहेबाच्या शब्दांचा, तिसरा आजच्या प्राध्यापकांच्या शब्दांचा. म्हणाल्या, "कॉम्प्युटरला प्लेग कळत नाही हो, अक्षरं कळतात. ज्याने लिहिलं त्याची अक्षरं द्या."

ती वही आता चिंध्या होत आली आहे, पण सगळ्या कामात खरी कमाई तीच. 'गाव उठलं' पुढे साहेबाच्या रकान्यात 'इव्हॅक्युएशन' आलं. रानातल्या झोपड्यांपुढे 'हेल्थ कॅम्प'. ज्यांच्या घरात रोगी निघाला त्यांना वेगळं ठेवायचे तो 'सेग्रिगेशन कॅम्प', आणि हे दोन वेगळे, हे मला तिथंच कळलं. 'टोचणी'पुढे 'इनॉक्युलेशन'. 'झडती'पुढे 'सर्च पार्टी'. प्राध्यापकांच्या रकान्यात मात्र 'शरीर' आणि 'वसाहतवादी सत्ता' हेच शब्द फिरून फिरून येत होते. तिथं झोपडी कुणी बांधताना दिसेना. गावांच्या नावांचा रकाना नंतर वाढवावा लागला. दोन 'ओ' घालून पूना टाकल्याशिवाय पुणं उघडत नाही. सोलापूर शोलापूर होतं, नाशिक नासिक, ठाण्याचं ठाना.

कॉलेजचा कॅटलॉग 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्यात इंग्रजीत प्लेग टाकल्यावर चार पुस्तकं आली, पण दोन ६१४ मध्ये आणि दोन ९५४ मध्ये. ड्युई वर्गीकरणात रोग म्हणून प्लेग ६१४.५७३२ ला, सार्वजनिक आरोग्याच्या रांगेत, आणि भारताचा इतिहास म्हणून तोच प्लेग ९५४ ला, पार दुसऱ्या भिंतीशी. अठरा वर्षं मी ९५४ च्याच कपाटासमोर उभी राहिले. ६१४ कडे नर्सिंगच्या मुली जातात असा माझा समज होता.

मग गूगल स्कॉलर. इथे एक गंमत झाली. अवतरणचिन्हात 'सर्च पार्टी' आणि पुढे 'पूना' टाकलं, तर वर हिमालयात हरवलेल्या गिर्यारोहकांना शोधायला गेलेल्या तुकड्या आल्या. १८९७ घातल्यावर घराघरांत शिरणारे गोरे सोजीर आले. म्हणजे मी सर्चवरच सर्च करत होते. त्यांच्या सर्चने माणसं किती रागावली होती ते वाचताना माझं माउस हातात धरून बसणं फारच सुखाचं वाटलं.

स्कॉलरमध्ये माझ्या उपयोगी पडलं ते प्रत्येक नोंदीखालचं 'सायटेड बाय'. डेव्हिड अर्नॉल्ड यांच्या 'कलोनायझिंग द बॉडी' या १९९३ च्या पुस्तकात प्लेगवर एक सबंध प्रकरण आहे. त्याच्याखाली दाबलं की त्यानंतर ज्यांनी ज्यांनी या पुस्तकाचा हवाला दिला ते सगळे समोर येतात. यादी न संपणारी. पण वर एक छोटी चौकट असते, फक्त या यादीतच शोधा म्हणणारी. तिच्यात खूण करून 'सातारा' टाकलं आणि शेकड्यांतून मोजके उरले. पुस्तकाच्या तळटिपा माणसाला मागे नेतात, हे बटण पुढे नेतं. तीन दिवस मी असं मागेपुढे करत होते. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं: हवाल्यांचा आकडा मोठा म्हणजे लेखन पटलेलं असतंच असं नाही. तीनचार जणांनी तर खोडून काढण्यासाठीच हवाला दिला होता, आणि ते वाचूनच मला वाद कुठे आहे ते समजलं.

लेख सापडतो, पण पैसे मागतो. यासाठी दोन वाटा पुरल्या. स्कॉलरमध्ये 'सगळ्या आवृत्त्या' म्हणून दुवा असतो, त्यात कधीकधी लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत निघते. आणि जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या साइटवर नुसतं मोफत खातं काढलं तरी महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. अनुदानित कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचायची सोय आहे, त्याचा लॉगिन मॅडमनी पाच मिनिटांत काढून दिला. कॉलेजकडे ही सोय किती वर्षं होती हे मी विचारलं नाही.

शोधगंगेवर मात्र माझा बराच जीव गेला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचं हे प्रबंधांचं भांडार. तिथं प्रबंध सलग मिळत नाही, तुकड्यांत मिळतो: मुखपृष्ठ एक फाईल, प्रमाणपत्र दुसरी, प्रकरण एक तिसरी. नाव बघून उतरवायला गेलं की आधी ऋणनिर्देशच हाती लागतात. मराठी प्रबंधांची तऱ्हा आणखी वेगळी. पुष्कळसे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण त्यात 'प्लेग' शोधायला जावं तर शून्य. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. आतमध्ये प्लेग पानोपानी आहे आणि संगणक म्हणतो नाही. असे प्रबंध पूर्वीसारखे, अनुक्रमणिकेवर बोट ठेवूनच वाचावे लागले.

त्यातल्याच एका प्रबंधात 'केसरी'तला एक उतारा होता. पुण्यातल्या घरतपासणीबद्दलचा. अवतरणचिन्हं घातलेली, तारीख दिलेली. वाचताना काहीतरी खुपत होतं. टिळकांच्या काळचं मराठी इतकं बेचव? 'घरांची तपासणी अयोग्य रीतीने केली जात आहे' असलं वाक्य आमचं शिक्षण खातं लिहितं. पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

याच सुमारास मुलाने सुचवलं, "आई, एआयला विचार की." विचारलं. अर्ध्या मिनिटात सातारा जिल्ह्यातल्या प्लेगवरचे सात लेख आले. नावं, वर्ष, खंड, पृष्ठक्रमांक, सगळं ठाकठीक. एकाचं शीर्षक तर माझ्याच विषयाचं. आपल्या आधी कुणीतरी करून ठेवलं म्हणून मी रात्रभर तळमळले. सकाळी शोधायला बसले. नियतकालिक खरं, खंडही खरा, पण त्या पानांवर भलत्याच विषयाचा लेख. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकला तर अशी नोंदच नाही. सातांपैकी दोन लेख अस्तित्वात होते, त्यातल्या एकाचा लेखक चुकीचा. माझ्या विषयावर आधी कुणी लिहिलेलं नाही हे कळून मला हायसं वाटलं, मग थोडं वाईटही वाटलं. तो लेख खरंच असता तर केवढं काम वाचलं असतं. तरी एक मान्य करते. 'हेल्थ कॅम्प'ला त्या काळी आणखी काय म्हणत असतील, असं विचारल्यावर त्याने जे दहा शब्द दिले, त्यातले तीन वहीत गेले. शब्द सुचवायला बरा, साक्षीदार म्हणून उभा करायला नाही.

आणखी एक लेख गळाला लागला होता तो मीच सोडला. चकचकीत पीडीएफ, वर नियतकालिकाचं वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टरचा आकडा. त्याच अंकात बायोगॅस, कबीर आणि शेअर बाजार. संपादकांचा पत्ता म्हणजे जीमेल. लेख मिळाल्याची तारीख आणि स्वीकारल्याची तारीख यांत चार दिवस. आत प्लेगचे आकडे होते, पण एकाही आकड्याखाली टीप नाही.

आता त्या अनुस्वाराची गोष्ट.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय कागदांचा मोठा संग्रह नेटवर मोफत ठेवला आहे. मुंबईच्या प्लेग समितीचे अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटाकर यांचा १८९७ चा अहवाल मी असाच घरबसल्या वाचला. तो मुंबईपुरता, माझ्या जिल्ह्याचा नाही. आणि समितीच्या अध्यक्षानेच समितीबद्दल लिहिलेला, तेव्हा त्यात सगळं सुरळीत चालल्याचं दिसणारच. पण साहेबाच्या रकान्यातले निम्मे शब्द मला त्यानेच दिले. प्लेगच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनसमोरच्या साक्षी त्याहून जिवंत. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, डॉक्टर आणि कलेक्टर उत्तरं देताहेत, मध्येच अडखळताहेत. स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात 'प्लेग'च्या स्पेलिंगमधल्या 'यू'चा 'एन' झालेला असायचा, तेव्हा मी चुकीचं स्पेलिंगही मुद्दाम टाकायला शिकले. ते टाकल्यावर आणखी पानं उघडत.

मराठीत मात्र काहीच मिळेना. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो जुनी मराठी पुस्तकं आहेत. पण शीर्षकं रोमन लिपीत, कुणीतरी घाईत टाइप केलेली, आणि लेखकाच्या जागी बरेचदा 'नॉट अव्हेलेबल'. मी 'पुण्यातील', 'गावात', 'रानात' असं काय काय टाकून बघितलं. काही नाही. मराठी माणसांनी स्वतःच्या मरणाबद्दल काही लिहूनच ठेवलं नाही की काय, असं एक वाक्यही मी आराखड्यासाठी लिहून टाकलं होतं. चांगलं वजनदार वाक्य होतं.

ते खोडायला कारण झाली एक जुनी चोपडी, दुसऱ्याच कामासाठी उघडलेली. पान वर सरकवताना डोळ्यांना दिसलं: 'गांवांतील लोक रानांत'. गांवांतील. रानांत. मी कपाळावर हात मारला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि मी शाळेत शिकले ते त्यानंतर. माझी बोटं टिंब देतच नव्हती. 'गाव' आणि 'गांव' मला एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. मग वहीत चौथा रकाना आला, टिंबांचा: गांव, नांव, कांहीं, पुण्यांत, रोगानें, झोंपड्या. 'झोंपड्या रानांत' टाकल्यावर त्या रात्री तीन पुस्तकं उघडली. एक आत्मचरित्र, एक ग्रामवृत्त, एक देवीच्या यात्रेची माहिती. तिन्हींत प्लेग होता, पण एकाच्याही शीर्षकात नव्हता.

रात्री पावणेबाराला मी नवऱ्याला उठवून "टिंब!" असं सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन एका जुन्या ग्रंथालयात 'केसरी'ची १८९७ ची फाईल काढून घेतली. ते पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह डोक्यात होतंच. बांधीव खंड, पानाचा कोपरा धरला तर भुगा होतो, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याने पोस्टकार्ड दिलं, ते पानाखाली सरकवून पान उलटायचं. प्रबंधात दिलेल्या तारखेचा अंक मिळाला. मजकूर तोच, शब्द एकही तो नाही. मुळात 'तपासणी' नव्हतीच, 'झडती' होती, आणि वाक्य चांगलं सहा ओळींचं, चावरं. थोडा वेळ मला उलगडेना. मग ट्यूब पेटली. सरकारचा भाषांतर विभाग देशी वर्तमानपत्रांचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला काढायचा, 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स'. तो नेटवर सहज मिळतो. प्रबंधकर्त्याने तो इंग्रजी सारांश घेतला असणार, स्वतः मराठीत उतरवला असणार आणि त्याला अवतरणचिन्हं घालून 'केसरी' म्हणून छापलं असणार. टिळकांची झडती इंग्रजीत जाऊन तपासणी होऊन परत आली. त्यानंतरच्या दोन लेखांत तो उतारा तसाच्या तसा पुढे गेलेला मी पाहिला. सरांसारखे गोल मीही केले.

नवा आराखडा सरांनी जानेवारीत वाचला. सूचीत अठ्ठावन्न नोंदी. ते परत शेवटच्या पानापासूनच वाचतात. एकाही नोंदीवर गोल नाही, पण विषयातल्या 'स्थलांतर' या शब्दावर होता. "हा शब्द कुणाचा?" मी वही पुढे केली.

सासूबाईंना मी 'उंदीर पडले'चं सांगितलं, की साहेबसुद्धा 'रॅट फॉल' म्हणजे उंदीर पडणंच लिहायचा. त्या वाटाणे सोलत होत्या. "त्याच्या घरात पण पडले असतील," म्हणाल्या.

उंब्रज मात्र अजून हाती लागलेलं नाही. एकदा नाव दिसलं म्हणून पीडीएफ उतरवली, तर ते निघालं पुणे जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्यातलं उंब्रज. आपल्या उंब्रजच्या त्या टिंबाचा साहेब कधी 'एम' करेल, कधी 'एन', कधी गाळेल. पहिला स्वर 'यू' की दोन 'ओ', 'ब' ठेवलाय की खाल्लाय, शेवटी 'ए' की 'यू'. वहीत आत्तापर्यंत अकरा स्पेलिंगं झाली आहेत. सात टाकून झाली. आज पेपर तपासायचे आहेत, आठवं उद्या.